सरांनी कापलेला पडदा

गुर्जर सर गेल्याचं मला ज्या पद्धतीनं कळलं, ती त्यांना अजिबात आवडली नसती. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत माझं ताडपत्रीचं दुकान आहे. सकाळची वेळ होती. एक ट्रकवाला तीन पावसाळे वापरलेली ताडपत्री पुढ्यात टाकून "ही पहिल्याच आठवड्यात फाटली" म्हणून हुज्जत घालत होता आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. आमच्या शाळेतल्या मुलांचा एक ग्रुप आहे. मुलं म्हणजे साठीच्या अलीकडची-पलीकडची. त्यावर कोणीतरी लिहिलं होतं, 'गुर्जर सर नो मोअर'. बस, एवढंच. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. एकानं फुलांचा गुच्छ टाकला आणि एकानं, बहुधा चष्मा न लावता, केक. तो त्यानं काढूनही टाकला नाही. तासाभरात त्याच ग्रुपवर गुडघेदुखीवरचा काढा आला, मग कोणाच्या तरी नातवाचा नाच आला आणि सर वर वर सरकत दिसेनासे झाले. मला रडू वगैरे आलं नाही... शिसारी आली. ट्रकवाल्याला मी मुकाट्यानं नवी ताडपत्री देऊन टाकली, कारण त्यानं दुकानातून जावं एवढंच मला त्या क्षणी हवं होतं.

पंधरा दिवसांनी बिबवेवाडीतल्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. स्टेजवर सरांचा मोठा फोटो होता. तो करताना कोणीतरी हौसेनं त्यांचे दात पांढरे करून घेतले होते, त्यामुळे सर एखाद्या टूथपेस्टची शिफारस करत असल्यासारखे दिसत होते. बोलणारे एकामागून एक उठले आणि सरांचं निमित्त करून स्वतःविषयी बोलले. मी अमुक पदावर पोचलो, माझा मुलगा तमुक देशात आहे, सरांमुळे. मग खराडीचे एक शेठ उठले. त्यांचं नाव लिहीत नाही. ते स्वतः काही वाचत नाहीत, पण वाचून दाखवणारे त्यांच्याकडे पुष्कळ आहेत. ते म्हणाले, "दुःखाचा प्रसंग हाय, पन सरांची एक गंमत सांगतो." आणि मासेमारीच्या त्यांच्या नव्याकोऱ्या बोटीवर बसल्या बसल्या सर कसे घाबरले, 'कोंडलं, कोंडलं' करत त्यांनी सुरी काढून बोटीच्या हुडाचा पुढचा पडदा कसा टर्रकन फाडला, ही हकीकत त्यांनी हावभावांसकट सांगितली. हॉल हसला. अगदी मोकळेपणानं हसला. पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, सरांच्या पत्नी, मांडीवरच्या रुमालाकडे बघत होत्या. त्यानंतर माइक माझ्याकडे आला. मी उठलो आणि सर वेळेचे किती पक्के होते यावर दोन मिनिटं बोलून खाली बसलो.

त्या पडद्याची खरी हकीकत माहीत असलेली माणसं तीन. एक सर, ते गेले. दुसरे एक म्हातारे गृहस्थ, त्यांच्या हातात कोणी माइक देत नाही. तिसरा मी, आणि माझ्या हातात माइक होता. त्या दिवसापासून मला स्वतःची जी किळस येते आहे, ती कशीही धुतली जात नाही म्हणून हे लिहायला घेतलं आहे. सरांची थोरवी सांगायला दुसरे आहेत.

सर आम्हाला टेक्निकल शाळेत वर्कशॉप शिकवायचे. लोखंडाचा एक तुकडा आणि एक कानस हातात द्यायचे आणि तो सपाट घासून आणायला सांगायचे. महिना महिना घासायचा. नेला की त्याला गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून उजेडाकडे धरायचे, फटीतून प्रकाश दिसला की फक्त "शी" म्हणायचे. तो 'शी' फार हळू असायचा. त्यात राग नसायचा, एखाद्याच्या ताटात केस दिसावा तशी निव्वळ किळस असायची. दुसरे मास्तर छडी मारत, त्याचं आम्हाला काही वाटत नसे. पण सरांचा 'शी' घेऊन मुलं घरी जात आणि जेवत नसत. मला तो दोन वर्षांत सतरा-अठरा वेळा मिळाला असेल. पुढे मी वडिलांच्या ताडपत्रीच्या धंद्यात शिरलो, कापडाला गुण्या लागत नाही म्हणून सुटलो असं समजलो. ते काही खरं नव्हतं. सर निवृत्त झाल्यावर दर बुधवारी दुकानात येऊन ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसायचे, चहा घ्यायचे आणि माझी शिलाई उलटी करून बघायचे.

निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये त्यांनी पंपांचे आतले पंखे दुरुस्त करायला सुरुवात केली होती. एकदा कोणीतरी बोटीचा वाकलेला पंखा आणला. सरांनी तो नुसता सरळ केला नाही, तो त्या बोटीला मुळातच चुकीचा आहे असंही त्या माणसाला सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. मग आसपासच्या धरणांवरची बोटवाली मंडळी त्यांच्याकडे यायला लागली. यातली गंमत अशी की सरांना पोहता येत नव्हतं आणि मासा त्यांनी जन्मात तोंडात घातला नव्हता. तोंडात सोडा, त्यांना वासही सहन होत नसे. पंखा आणणाऱ्या कोळ्यांना ते शेडबाहेरच्या नळावर आधी तो साबणानं धुवायला लावत आणि तोवर नाकाला रुमाल लावून आत उभे राहत. आमिषाचा डबा गाडीत असेल तर गाडी गल्लीच्या तोंडाशी. तरी लोक यायचे, कारण सरांनी सांगितलेला पंखा बदलावा लागत नसे.

पंखा निवडणं म्हणजे काय, हे ते स्क्रूवरून समजावत. पंख्याचे आकडे दोन. एक घेर, तो डोळ्यांना दिसतो. दुसरा पिच, म्हणजे एका फेरीत पंखा पाण्यातून किती इंच पुढे जाईल ते. "मोठ्या आट्यांचा स्क्रू एका फेरीत जास्त आत जातो, पण पिळायला मनगट लागतं," ते म्हणत. पुण्यातल्या हौशी माणसाला फक्त पुढे किती जातो ते ऐकू येतं, मनगटाचं ऐकू येत नाही. तो दुकानातला सगळ्यात जास्त पिचचा चकचकीत पंखा घेऊन येतो. मग चार माणसं बसली की इंजिन गुदमरतं, बोटीचं नाक वर आणि बूड पाण्यात, आणि धूर. सर अशा माणसाशी वाद घालत नसत. त्यांची एकच अट असे. ज्या दिवशी बोट खरोखर मासे धरायला जाईल तशी ती भरायची. जाणारी सगळी माणसं, जेवणाचे डबे, पाण्याचा कॅन, गळ, आमिष, झोपणारं म्हातारं असेल तर त्याची गादीसुद्धा. मग सर स्वतः जीव मुठीत धरून त्यात बसणार, इंजिन पूर्ण सोडायला सांगणार आणि मिनिटाला किती फेरे होतात ते मोजणार. भरल्या बोटीत इंजिन आपल्या पुऱ्या फेऱ्यांना पोचत नसेल तर पिच कमी. "बोटीला पंखा लावायचा नसतो, बोटीतल्या माणसांना लावायचा असतो," असं म्हणत.

आणि पंख्याआधी हूड. हे फार लोकांना कळत नाही. बोटीवर जीपसारखं उंच हूड उभारलं, चारी बाजूंनी पडदे लावले, की त्यात वारा भरतो, वजन वाढतं, बोट जड होते. म्हणून सर गिऱ्हाइकाला सांगत, "आधी मार्केट यार्डात विजयकडे जा, तुझा तंबू ठरव, मग पंख्याचं बोलू." ताडपत्र्या शिवणारा मी, बोटींचे हूड शिवायला लागलो तो असा. सरांनी मला पाइपचा सांगाडा किती उंच घ्यायचा, पडदा कुठे ताणायचा, सगळं शिकवलं. आणि एक गोष्ट निदान पाच वेळा बजावून सांगितली. पुढून बंद आणि मागून उघडं असं हूड कधीही शिवायचं नाही. बसच्या मागच्या काचेवर धूळ का बसते, तर चालत्या बसच्या मागे हवा उलटी ओढली जाते. बोटीतही तेच. मागे इंजिन, त्याचा धूर हवेबरोबर उलटा आत येतो आणि पुढच्या बंद पडद्यापाशी साठतो. "वास येणारा धूर परवडला, माणूस उठून जातो," सर म्हणाले होते. "त्यातलं जे जीव घेतं त्याला वासच नसतो. माणूस झोपला असं वाटतं." पुढच्या पडद्याला उघडायची चेन हवीच. मी मान डोलावली होती. पाचही वेळा.

त्यांचा तिटकारा सर्वांना सारखा असे. एका दसऱ्यानंतर हडपसरचा एकजण रडत आला, इंजिनाच्या गिअरमध्ये पाणी शिरलं म्हणून. सरांनी पंखा उतरवला, तर दांड्याभोवती नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळलेला आणि त्यात झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या. पूजेला पंख्याला हार घातला होता आणि देवाचा हार कसा काढायचा म्हणून तो तसाच ठेवून बोट पाण्यात घातली होती. दोऱ्यानं आतलं सील कापलं. सरांनी तो काळा गोळा चिमट्यानं धरून त्या माणसाच्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "प्रसाद घ्या." त्या माणसाला हसावं की नाही कळेना.

शेठची बोट आली ती ट्रेलरवरून, फुगे लावून. खराडीत त्यांची जमीन होती, तिच्यावर आता काचेच्या इमारती आहेत. पण एक कबूल केलं पाहिजे, बोट त्यांनी मिरवायला घेतली तशी वडिलांसाठीही घेतली होती. त्यांचे वडील, आबा, लहानपणी गावाखालच्या नदीत गळ टाकून बसायचे. आज त्या नदीकाठी नाक धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. वर जलपर्णी, खाली काळा चिखल, मध्ये पांढरा फेस, आणि काठावरच्या फ्लॅटचं नाव काहीतरी रिव्हर व्ह्यू. आबा एकदा म्हणाले होते, मरायच्या आधी एकदा चांगल्या पाण्यात गळ टाकायचा हाय. मुलानं बोट आणली. पानशेतच्या बाजूला त्यांचं फार्महाउस होतंच.

माझ्याकडे हुडाची ऑर्डर अशी होती. दोन्ही बाजू काळ्या, मागचा भाग गळ टाकण्यासाठी सताड उघडा आणि पुढे पारदर्शक प्लास्टिकचा अखंड पडदा, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल अक्षरांत 'आबांची कृपा'. गाड्यांच्या काचांवर असतं तसं. मी म्हणालो, पुढे मधोमध चेन लागेल. शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "आबांच्या नावामधून चेन? माझा बाप जिता हाय अजून." मग खांद्यावर हात टाकून म्हणाले, "तुमी शिवा. आपले सहा दोस्त बोटी घेणार हायत, सगळ्यांचे हूड तुमच्याकडं." मी शिवलं. सरांना सांगितलं नाही. त्या आठवड्यात बुधवारी सर आले तेव्हा ते हूड मी आतल्या खोलीत ठेवलं होतं. वाईट वाटलं असतं तर निदान शिलाई तरी वाकडी गेली असती. पण मी ती मन लावून, दुहेरी, इतकी सुरेख केली की तसं हूड मी त्याआधी शिवलं नव्हतं.

पंखाही व्हायचा तोच होता, दुकानातला सगळ्यात चकचकीत. सर म्हणाले, पिच फार आहे. शेठ म्हणाले, दुकानदार बोलला स्पीड लय मिळतो. सर म्हणाले, "भरलेली बोट घेऊन या. जे जे बसणार आहेत ते सगळे." म्हणून आबांना त्या दिवशी बोटीत बसवलं गेलं, सरांच्या अटीमुळे. थंडीतली सकाळ, पानशेतच्या पाण्यावर वारा. वाटेत सगळ्यांनी मिसळ खाल्ली होती. मागे इंजिनाचा दांडा धरून शेठ, त्यांच्याशेजारी उघड्यावर दोन मित्र, मधल्या फळीवर फेरे मोजायचं यंत्र घेऊन सर आणि सगळ्यात पुढे, पडद्याला टेकून, शाल पांघरलेले आबा. वारा लागतो म्हणून बाजूचे पडदेही बांधलेले. हूड सरांनी तिथे पहिल्यांदा पाहिलं. काठावरच्या माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "याची चेन कुठाय?" मी म्हणालो, "आतून आहे, सर." का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. शेठनी दोरी सोडली आणि बोट निघाली.

काठावर मी चहा पीत उभा होतो. बोट जड जात होती. नाक वर, बूड खाली, इंजिनाचा आवाज दबलेला, मागे निळसर धूर. ती दूर गेली, वळली, पुन्हा गेली. शेठना स्पीड सिद्ध करायचा होता. पुढे आत काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. आबांनी दोनदा "गरगरतंय" म्हटलं, ते इंजिनाच्या आवाजात कोणी ऐकलं नाही. मग त्यांची मान खाली आली. मागचे मित्र हसले, आबा झोपले म्हणून. सर वळून ओरडले, इंजिन बंद करा. शेठना वाटलं शाबासकी देताहेत, त्यांनी अंगठा दाखवला आणि आणखी सोडलं... सर पुढे सरकले, त्यांनी चेन शोधली. ती नव्हती. मग त्यांनी आबांच्या पायाशी ठेवलेल्या आमिषाच्या डब्यात हात घातला. त्यात मुरवलेली कोंबडीची आतडी होती आणि त्या लगद्यात आतडी कापायची सुरी रुतलेली होती. सरांनी, ज्यांना धुतलेल्या पंख्याचा वास सहन होत नव्हता त्या माणसानं, मनगटापर्यंत हात घालून ती शोधून काढली. मला काठावरून दिसलं ते एवढंच की लाल अक्षरांमधून एक चीर सरकत गेली, तिच्यातून एक हात बाहेर आला आणि पाठोपाठ म्हाताऱ्याचं डोकं.

काठावर आबांना गवतावर आडवं केलं. त्यांना उलटी झाली, हळूहळू तोंडावर रंग आला. मिसळ बाधली, असं एका मित्रानं जाहीर केलं आणि ते सगळ्यांना पटलं. शेठ मात्र पडद्याकडे बघत होते. चीर आडवी, अक्षरांच्या बरोबर मधून गेली होती. वर अर्धे आबा, खाली अर्धे आबा. "सर, काय केलं हे तुमी? जित्या मानसाचं नाव कापलं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर कापत होता.  सरांनी माझ्याकडे पाहिलं. आता हा सांगेल, अशा विश्वासानं पाहिलं. विद्यार्थी उत्तर देईल याची वाट बघतात तसं. दोन वाक्यं होती. हूड चुकीचं शिवलं आहे, ते मी शिवलं आहे. मला सहा हूड दिसत होती. मी म्हणालो, "अहो सर, हे काय केलंत?"

त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी ओळखलं. तो लोखंडाचा तुकडा गुण्याला लावून उजेडाकडे धरल्यावरचा चेहरा होता. पण 'शी' आला नाही. ते शेठकडे वळून म्हणाले, "वय झालं माझं. कोंडल्यासारखं झालं, घाबरलो. नवा पडदा विजय शिवून देईल, पण चेनवाला. बिनचेनचा लावलात तर मी पुन्हा येऊन कापीन. आणि हा पंखा उतरवा, आबांना न्यायचं असेल तर दोन इंच कमी पिचचा लागेल." शेठ तोंड उघडणार तेवढ्यात गवतावरून आबा म्हणाले, "सर म्हनत्यात तसं कर." माझी चूक उघडी न पाडता सरांनी बोट दुरुस्त करून घेतली होती. परतताना ते माझ्या गाडीत होते. पूर्ण रस्ताभर त्यांनी उजवा हात खिडकीबाहेर धरला होता, वासामुळे. स्वारगेटजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "विजय, शिलाई छान झाली होती." त्यापेक्षा त्यांनी माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या बुधवारी ते नेहमीसारखे आले, गठ्ठ्यावर बसले, चहा घेतला. त्याच्या पुढच्याही आले. तीन वर्षं आले. त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही नाही. आता शेवटची घाण सांगतो. शोकसभेत शेठनी सांगितलेली गंमत, ती गंमत म्हणून पहिल्यांदा रंगवून सांगितली ती मी. शेठचे मित्र दुकानात आले, हूड बघता बघता विषय निघाला, आणि मी सरांचा आवाज काढून "कोंडलं, कोंडलं" करून दाखवलं. ते हसले. सहांपैकी चौघांनी हूड शिवून घेतली.

शेठचा नवा पडदा शिवायची वेळ आली तेव्हा मी चिडलेलो होतो, माणूस ज्याचा अपराधी असतो त्याच्यावर चिडतो तसा. कापलात ना, मग घ्या, म्हणून मी तो फाटका पडदाच पुठ्ठ्यावर पसरला आणि सरांची चीर जशी गेली होती तशी, वाकड्यातिकड्यासकट, पेन्सिलीनं उतरवून त्याच रेघेवर चेन लावली. आबांचं नाव चेनीच्या वर गेलं. चीर डावीकडून सरळ निघते, मध्ये एकदम खाली झुकते, थोडी सावरते आणि पुन्हा झुकते. झालं असं की त्या उतारामुळे चेनीवर पावसाचं पाणी साचेना. बोटवाल्यांना ते भलतंच आवडलं. तो पुठ्ठा मग आमचा फर्मा झाला. तेव्हापासून माझ्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक हुडाला पुढे तीच खिडकी असते. तिरकी का, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, आमचं डिझाइन आहे.

सर शेवटचे आले तो बुधवार मला आठवतो. मशीनवर आमच्या सुमनताई एक हूड शिवत होत्या. सरांनी त्या चेनीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ही सरळ का नाही केलीस?" मी म्हणालो, "राहून गेलं, सर." ते "हं" म्हणाले. मग त्यांना ताप आला, दवाखान्यात नेलं, मी उद्या जाऊ उद्या जाऊ म्हणत राहिलो, आणि केक आला.

शोकसभेनंतर मी चपला शोधत बाहेर आलो तर पायरीवर आबा बसले होते. हॉलमध्ये काकूंखेरीज हसले नव्हते ते एकटेच. ऐंशी उलटलेली, पण नजर साफ. म्हणाले, "तू ताडपत्रीवाला ना? बस हितं." मी बसलो. त्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या डाव्या काखेत नेला. "सरांचा हात हितं व्हता. मी खाली सरकाय लागलो व्हतो. एका हातानं त्यांनी मला वर धरलं आन दुसऱ्या हातानं कापलं. मी सरकलो की त्येंचाबी हात खाली यायचा, की पुन्ना वर वढायचे मला. दोनदा सरकलो मी. ध्येनात हाय माज्या." मग हॉलकडे बघून म्हणाले, "पोराला सांगितलं मी. तो म्हनला, आबा, तुमी बेसुद व्हता, तुमाला काय आठवतंय."  दोनदा, एवढंच डोक्यात राहिलं.

तिथून दुकानात येऊन मी तो पुठ्ठा खाली काढला. रेघ सरळ निघते, झुकते, सावरते, पुन्हा झुकते. दोनदा. तीन वर्षं मी ती रेघ कापत होतो.

दुसऱ्या दिवशी मी खराडीला गेलो आणि शेठना सांगितलं, आबांसमोर. ते ऐकून घेत होते, मध्येच फोन आला तो त्यांनी घेतला, मग म्हणाले, "जाऊ द्या आता, सर गेले बिचारे." आबा मात्र मला उठू देईनात. तिथून काकूंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, मला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते योग्यच झालं. एवढंच म्हणाल्या की त्या दिवशी घरी आल्यावर ते तीनदा आंघोळीला गेले होते, का ते सांगितलं नव्हतं.

परवा सुमनताई म्हणाल्या, "दादा, हा पुठ्ठा कडेनं झिजलाय. नवा कापते, आणि ही रेघही पट्टी लावून सरळ करून घेते." मी म्हणालो, नवा कापा, रेघेला पट्टी लावू नका. तो झिजलेला पुठ्ठा सर बसायचे त्या गठ्ठ्यामागे खिळ्याला टांगला आहे. काल एक गिऱ्हाईक हूड न्यायला आलं होतं. चेन वरखाली करून बघितली आणि म्हणालं, काम स्वच्छ आहे, पण ही खिडकी अशी वाकडी का हो?

मी त्याला सांगितलं, कापणाऱ्याचा दुसरा हात मोकळा नव्हता.